स्विचचं पान उघडत नाही? आधी पत्ता शोधा, रीसेट सगळ्यात शेवटी

भालकी, बसवकल्याण, औराद, कमलनगर, आळंद या पट्ट्यातल्या जुन्या घरांत वायफाय फार लांब जात नाही. माळवदाचं घर, हात-दीड हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. पुढच्या दुकानात राउटर ठेवला तर माजघरापर्यंत त्याचा सिग्नल जेमतेम पोचतो. म्हणून लोक लॅनची केबल ओढून घेतात आणि मध्ये एक स्विच बसवतात. त्याच स्विचवर सीसीटीव्हीचे कॅमेरे, टीव्ही, दुकानातला बिलिंगचा संगणक आणि माडीवरचा ॲक्सेस पॉइंट असं सगळं चालतं. पुष्कळ घरांत हे काम पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी करणारा मुलगा, नाहीतर भाचा, दिवाळीच्या सुट्टीत करून जातो. कॅमेरे वेगळे राहावेत म्हणून तो साध्या स्विचऐवजी ‘मॅनेज्ड’ किंवा ‘स्मार्ट’ स्विच घेतो, त्यात हवी ती सेटिंग्ज करतो आणि सुट्टी संपली की परत जातो.

वर्ष-दोन वर्षांनी एखादा कॅमेरा वाढवायचा असतो. स्विचचं सेटिंगचं पान उघडायला बसावं तर ते उघडत नाही. इंटरनेट चालू, कॅमेरे चालू, पान तेवढं गायब. अशा वेळी बहुतेकांचा हात टाचणी घेऊन रीसेटच्या भोकाकडे जातो. तो हात थांबवावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. अशा घरांत स्विच सहसा बिघडलेला नसतो आणि अनेकदा पासवर्डही चुकलेला नसतो. हरवलेला असतो तो स्विचचा पत्ता, आणि तो शोधून काढता येतो. रीसेट केलं तर मात्र आधीची सगळी मेहनत पुसली जाते.

नेमकं काय बंद पडलं आहे?

स्विच दोन कामं करतो. पहिलं, एका पोर्टवरून आलेला डेटा योग्य त्या दुसऱ्या पोर्टवर पाठवणं. त्यासाठी तो प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता लक्षात ठेवतो. या कामाला त्याला स्वतःचा आयपी पत्ता लागत नाही. दुसरं काम म्हणजे तुम्हाला सेटिंगचं पान दाखवणं. आयपी पत्ता लागतो तो फक्त याच कामाला.

बिदरजवळ नौबादला बहामनी काळातली सुरंग बावडी आहे. जमिनीखालच्या भुयारातून पाणी वाहतं आणि वर ठरावीक अंतरावर उभी विवरं आहेत. एखादं विवर बुजलं तरी खालचं पाणी वाहत राहतं, फक्त गाळ काढायला आत उतरता येत नाही. स्विचचं पान उघडेनासं होतं तेव्हा असंच झालेलं असतं. म्हणून घाई करू नका. घरातलं काहीही बंद न पाडता बराचसा शोध घेता येतो.

एक काळजी मात्र सुरुवातीलाच घ्या. जो स्विच तुमचा आहे, त्यालाच हात लावा. गच्चीवर किंवा खांबावर केबलवाल्याने बसवलेला स्विच, फायबर कंपनीचा डबा किंवा घरमालकाचं उपकरण तुमचं नाही. त्यासाठी त्यांनाच फोन करा.

सगळ्यात नेहमीचं कारण: राउटर बदलला

समजा, पूर्वी घरात बीएसएनएलची लाईन होती आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता. मुलाने स्विचला १९२.१६८.१.५ हा पत्ता कायमचा लावून दिला. पुढे घरात जिओफायबर आलं. त्यांच्या राउटरचा नेहमीचा पत्ता असतो १९२.१६८.२९.१. घरातल्या सगळ्या उपकरणांना आता २९ च्या गटातले पत्ते मिळतात, कारण ती राउटरकडे पत्ता मागतात. स्विच मागत नाही, तो जुन्याच पत्त्यावर बसून राहतो.

आता तुम्ही लॅपटॉपवर १९२.१६८.१.५ टाकता. लॅपटॉप पाहतो की हा पत्ता आपल्या गटातला नाही, म्हणून ती मागणी तो राउटरकडे देतो. राउटरलाही तो गट घरात सापडत नाही, म्हणून तो ती बाहेर ढकलतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. त्यामुळे मागणी तिथेच मरते. स्विच मात्र त्याच केबलवर, हाताच्या अंतरावर असतो.

उपाय: लॅपटॉपला हाताने पत्ता द्या

एक लॅपटॉप आणि लॅनची एक चांगली केबल घ्या. लॅपटॉपला लॅनचं तोंड नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन ॲडॉप्टर लागेल. मग या क्रमाने चला:

१. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं, कारण लॅपटॉप वायफायवरून राउटरशीच बोलत राहतो.

२. केबलचं एक टोक स्विचच्या मोकळ्या पोर्टला आणि दुसरं लॅपटॉपला लावा. पोर्टवरचा दिवा लागला पाहिजे.

३. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ईथरनेट असं जा. ‘आयपी असाइनमेंट’समोर ‘एडिट’ आहे, तिथे ‘मॅन्युअल’ निवडून आयपीव्ही४ सुरू करा.

४. स्विचच्या गटातला, पण स्विचपेक्षा वेगळा पत्ता द्या. स्विच १९२.१६८.१.५ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० द्या. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे सोडले तरी चालतं.

५. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ लिहा, एक जागा सोडून स्विचचा पत्ता लिहा आणि एंटर दाबा. उत्तर आलं तर स्विच सापडला.

६. ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना सुरुवातीचं ‘एचटीटीपी’ स्वतः टाइप करा. नाहीतर काही ब्राउझर आपणहून सुरक्षित जोडणीचा हट्ट धरतात आणि लहान स्विचना ती जमत नाही.

या लेखात आकडे मराठीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे आहेत. काम झालं की लॅपटॉपची सेटिंग परत ‘ऑटोमॅटिक’वर न्या, नाहीतर संध्याकाळी घरात कोणी लॅन लावलं की ‘इंटरनेट गेलं’ अशी ओरड होईल.

पत्ताच माहीत नसेल तर

मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता आठवत नाही मला.’ अशा वेळी स्विच उलटा करून त्याच्या पोटावरचं स्टिकर बघा. त्यावर मॉडेलचं नाव, मॅक पत्ता आणि बऱ्याचदा मूळ आयपी पत्ताही छापलेला असतो. अक्षर फार बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. मॅक पत्ता म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. तो कागदावर उतरवून घ्या, पुढच्या शोधात तोच उपयोगी पडतो.

मग राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. स्विच राउटरकडून पत्ता घेत असेल तर तोच मॅक पत्ता यादीत दिसेल आणि शेजारी आयपी सापडेल. अनेक नवे स्विच मुळातच राउटरकडून पत्ता घेतात.

यादीत नसेल तर कंपनीचा मूळ पत्ता करून बघा. नेहमी आढळणारे पत्ते असे:

टीपी-लिंकचे ईझी स्मार्ट स्विच: १९२.१६८.०.१
नेटगिअरचे प्लस स्विच, राउटरकडून पत्ता मिळाला नाही तर: १९२.१६८.०.२३९
डी-लिंकचे स्मार्ट स्विच: १०.९०.९०.९०
सिस्कोचे छोट्या व्यवसायांसाठीचे स्विच: १९२.१६८.१.२५४
मायक्रोटिक: १९२.१६८.८८.१
युनिफाय, राउटर नसताना: १९२.१६८.१.२०

दरवेळी लॅपटॉपला त्या-त्या गटातला पत्ता द्यायला विसरू नका. डी-लिंकसाठी १०.९०.९०.५० दिला तर जमेल.

तरीही सापडला नाही तर कंपनीचं शोधक सॉफ्टवेअर वापरा. टीपी-लिंकचं ‘ईझी स्मार्ट कॉन्फिगरेशन युटिलिटी’, नेटगिअरचं ‘स्विच डिस्कव्हरी टूल’, डी-लिंकचं ‘नेटवर्क असिस्टंट’ ही फुकट मिळतात. ती सगळ्या केबलवर एक हाक देतात आणि स्विच त्या हाकेला उत्तर देतो. मायक्रोटिकचं ‘विनबॉक्स’ तर आयपी नसतानाही थेट मॅक पत्त्यावरून आत जाऊ देतं. असं सॉफ्टवेअर कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवा.

शेवटचा मार्ग म्हणजे ‘वायरशार्क’ हे मोफत सॉफ्टवेअर. लॅपटॉप थेट स्विचला जोडा, वायरशार्कमध्ये लॅनचं कार्ड निवडून नोंद सुरू करा, मग स्विचची वीज काढून पुन्हा लावा. जागा होताना पुष्कळ स्विच स्वतःचा पत्ता जाहीर करतात किंवा राउटरकडे पत्ता मागतात. स्टिकरवरचा मॅक पत्ता त्या नोंदीत दिसला की त्याच ओळीत आयपी सापडण्याची चांगली शक्यता असते. स्विच नुसता पत्ता मागतानाच दिसला, तर त्याला राउटर जोडा आणि यादी पुन्हा बघा.

पिंग लागतो, पण पान येत नाही

असं झालं तर अडचण बहुधा ब्राउझरची असते. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या जुन्या स्विचवर हे हमखास होतं. क्रोम, एज, फायरफॉक्स यांनी २०२० साली टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या सुरक्षा पद्धती बंद केल्या, आणि जुन्या स्विचना नेमक्या तेवढ्याच येतात. आधी साध्या एचटीटीपीने उघडून बघा. जमलं नाही तर इंटरनेटला न जोडलेल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवरच्या जुन्या ब्राउझरने आत जा आणि कंपनीने दिलेलं नवं फर्मवेअर असेल तर ते टाका. फर्मवेअर चढत असताना लाईट गेली तर स्विच कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर असतानाच करा, आभाळ भरून आलेलं असताना तर करूच नका.

व्हीलॅन बदलताना वाट बंद झाली तर

कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) देताना ‘मॅनेजमेंट व्हीलॅन’ (ज्यावरून सेटिंगचं पान उघडतं तो) बदलला किंवा लॅपटॉपच्या पोर्टचा पीव्हीआयडी (त्या पोर्टचा व्हीलॅन क्रमांक) बदलला, की सेव्ह म्हणताक्षणी पान गोठतं. बदल तुम्ही आत्ताच केलेला असेल आणि कायमचा जतन केला नसेल, तर उपाय अगदी सोपा आहे. स्विचची वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. सिस्को, टीपी-लिंकची जेटस्ट्रीम मालिका आणि डी-लिंकचे बरेच स्विच यांच्यात चालू सेटिंग वेगळी असते आणि साठवलेली वेगळी. साठवलं नसेल तर स्विच जुन्या सेटिंगवर परत येतो. नेटगिअरच्या प्लस स्विचसारख्या काहींमध्ये मात्र बदल लगेच पक्का होतो.

बदल पक्का झाला असेल तर केबल एकेक पोर्टला लावून प्रत्येक वेळी पिंग करा. एखादं पोर्ट अजून जुन्या व्हीलॅनमध्ये राहिलेलं असतं आणि तिथून पान उघडतं. तसं पोर्ट उरलंच नसेल, पण एखाद्या पोर्टवर मॅनेजमेंट व्हीलॅन ‘टॅग्ड’ असेल, तर लिनक्सच्या लॅपटॉपला त्या क्रमांकाचा व्हीलॅन लावून आत जाता येतं.

पासवर्ड आठवत नसेल तर

आधी बसवणाऱ्याला विचारा. सीसीटीव्हीवाल्याने लावलेला पासवर्ड बहुधा त्याच्या वहीत असतो, आणि स्विच तुमच्या पैशाचा असेल तर तो मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. जुन्या स्विचवर कंपनीचा मूळ पासवर्ड करून बघा: टीपी-लिंकला ‘ॲडमिन’, सिस्कोच्या लहान स्विचला ‘सिस्को’, दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत. नव्या उपकरणांवर हे चालेलच असं नाही. सगळ्या उपकरणांना एकच ठरलेला पासवर्ड देण्याविरुद्ध कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनचा २९ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे बऱ्याच नव्या उपकरणांचा पासवर्ड स्टिकरवर वेगळा छापलेला असतो किंवा पहिल्यांदा उघडताना तुम्हालाच ठरवायला लावतात.

युनिफाय किंवा ओमाडासारखे स्विच ‘कंट्रोलर’ या वेगळ्या सॉफ्टवेअरमधून चालवलेले असतील तर पासवर्ड त्या कंट्रोलरमध्ये सापडेल. कंट्रोलर ज्या संगणकावर होता तो संगणक शोधा.

‘कन्सोल’ असं लिहिलेलं वेगळं पोर्ट असेल तर आयपीशिवाय आत जाता येतं. त्यासाठी कन्सोल केबल आणि ‘पुट्टी’ हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. वेग बरोबर निवडा: सिस्को कॅटॅलिस्टला ९६००, टीपी-लिंक जेटस्ट्रीमला ३८४००, सिस्कोच्या अनेक लहान स्विचना ११५२००. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर वेग चुकला आहे, दुसरा लावून बघा.

नेटवर्किंगच्या अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६० वर आधीच्या मालकाचा पासवर्ड असला तरी याच कन्सोलमुळे अडत नाही. पुढचं ‘मोड’ बटण दाबून धरा आणि वीज लावा. स्विच अर्धवट जागा होऊन ‘स्विच’ असं दाखवत थांबला की बटण सोडा. ‘फ्लॅश_इनिट’ ही आज्ञा द्या, ‘कॉन्फिग डॉट टेक्स्ट’ या फाइलचं नाव बदला आणि ‘बूट’ म्हणा. स्विच पासवर्ड न विचारता उठतो. जुनी सेटिंग हवी असेल तर आत गेल्यावर फाइलला मूळ नाव द्या, ती चालू सेटिंगमध्ये उतरवा, नवा पासवर्ड लावा आणि मग साठवा.

रीसेट करायचाच असेल तर

वरचं काहीच जमलं नाही, तर रीसेट करण्यात कमीपणा नाही. फक्त तयारीने करा. त्या वेळात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद राहील. पीओई स्विच असेल तर कॅमेऱ्यांची वीजच त्याच्याकडून येते. म्हणून घरात माणसं असतील अशी दिवसाची वेळ निवडा.

सगळ्या केबल काढण्याआधी त्यांचा फोटो घ्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पोर्टचा क्रमांक लिहा. मग सगळ्या केबल खरोखरच काढा, राउटरचीसुद्धा. याला दोन कारणं आहेत. दोन स्विच दोन केबलनी एकत्र बांधलेले असतील तर रीसेटनंतर ती बांधणी पुसली जाते. मग डेटा त्या दोन केबलमधून गोल-गोल फिरून सगळं नेटवर्क गुदमरू शकतं. दुसरं असं की, स्विचचा मूळ पत्ता आणि राउटरचा पत्ता एकच असू शकतो, १९२.१६८.०.१ बाबत तर हे सहज घडतं. दोघे एका पत्त्यावर आले की घराचं इंटरनेटही जातं.

आता वीज चालू ठेवून टाचणीने रीसेटचं बटण दाबून धरा. बहुतेक स्विचना ५ ते १० सेकंद लागतात. सगळे दिवे एकदम लागले किंवा चमकले की सोडा. नेमकी वेळ मॉडेलच्या पुस्तिकेत असते, ती आधी वाचा. दोन मिनिटं थांबून लॅपटॉप मूळ पत्त्याच्या गटात आणा आणि पान उघडा. बटण दाबूनही दिवे अजिबात प्रतिसाद देत नसतील तर मात्र बिघाड बहुधा स्विचमध्येच आहे. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या पावसात वीज कडाडल्यावर असं झालं असेल, तर गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या केबलमधून झटका आला का, हे आधी तपासून घ्या. नाहीतर नवा स्विचही त्याच वाटेने जाईल.

आत गेल्यावर लगेच करायच्या गोष्टी

पासवर्ड बदला. मग सेटिंगचा बॅकअप घ्या. स्विचच्या पानावर तशी सोय असते आणि छोटी फाइल मिळते. ती घरच्या लॅपटॉपवर ठेवा आणि बाहेरगावच्या मुलालाही पाठवा. स्विचला हाताने पत्ता लावण्याऐवजी तो राउटरकडून घेऊ द्या आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी एक पत्ता राखून ठेवा. पुढे राउटर बदलला तर राखीव पत्ता पुन्हा लावावा लागेल, पण स्विच नव्या गटात आपोआप येईल आणि यादीत दिसेल. व्हीलॅन केले असतील तर एक पोर्ट कायम मॅनेजमेंटसाठी मोकळं ठेवा आणि त्यावर तसं लिहा. सेटिंग बदलताना आधी चालवून बघा, मग साठवा.

आणि एक कागद लिहा. त्यावर मॉडेल, मॅक पत्ता, आयपी, पासवर्ड, कोणत्या पोर्टला काय जोडलं आहे आणि तारीख एवढं असू द्या. तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, स्विचवर चिकटवू नका, कारण दुकानात येणारा-जाणारा तो वाचेल. राउटर किंवा सेटिंग बदलली की त्याच दिवशी कागदही बदला.

आपल्या भागातली पोरं शिकून लांब जातात आणि घरचं नेटवर्क आई-वडिलांच्या, दुकान सांभाळणाऱ्या भावाच्या हवाली राहतं. ते चालवण्याइतकी माहिती त्यांच्या हातात देणं हा बसवण्याच्या कामाचाच भाग आहे. पुढच्या सुट्टीत मुलगा घरी आला की त्याला स्वतः काही करू देऊ नका. तो शेजारी बसेल, लॅपटॉप तुमच्या हातात असेल. लॅपटॉपला पत्ता देऊन पिंग करून पान उघडणं एकदा तुमच्या हातून होऊ द्या, आणि ज्या पायरीवर अडखळाल ती त्या कागदावर लिहून घ्या.